जास्तीची मूठ

बिअरवर लिहिणारी बाई म्हटली की लोक आधी माझ्या तोंडाकडे आणि मग पोटाकडे बघतात. बघोत बापडे. दरवर्षी आमच्या साप्ताहिकात मी आसपासच्या छोट्या ब्रुअऱ्यांच्या आयपीए चाखून त्यांतल्या मोजक्यांची शिफारस करते, आणि त्यात आजवर कुणाची भीडभाड ठेवलेली नाही. आयपीए म्हणजे कडसर बिअर. हॉप्स नावाच्या फुलांनी तिला कडूपणा येतो आणि वासही. यंदा कालव्याकाठच्या दोघा साडूंची चांगली निघाली, अननसाच्या वासाची. मास्तरकी सोडून ब्रुअरी काढलेल्या बाईंचीही शिफारस नक्की होती. पहिल्या घोटाला नाक मुरडाल, दुसऱ्यानंतर ग्लास सोडणार नाही. टेकडीवरच्या गृहस्थांची मात्र ओल्या कुत्र्यासारखी लागली. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं, आणि जेवणाचं आमंत्रण तिथेच बारगळलं.

राहिली होती दादाची. म्हणजे वहिनीची. इथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

दादा, माझा थोरला भाऊ, गेल्या थंडीत गेला. टाकीत हॉप्स टाकायला शिडीवर चढला, छातीत कळ आली, आणि त्याला खाली घेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याची एक रीत होती. हॉप्स काट्यावर अगदी काटेकोर मोजायचे, टाकीत ओतायचे, आणि मग पिशवीत हात घालून एक जास्तीची मूठ टाकायची. ‘माप सगळ्यांचं, मूठ माझी,’ म्हणायचा, आणि हात तिथेच शिडीच्या दांड्याला पुसायचा. त्या मुठीमुळे त्याच्या बिअरला शेवटी एक कडवट धार यायची, संत्र्याची साल दाताखाली आल्यासारखी. मी ती झोपेतही ओळखली असती. पहिला ग्लास तो मलाच द्यायचा. वहिनीशी तासन्‌तास हुज्जत घालेल, पण माझ्या जिभेपुढे गप्प. एकदा मी नुसती मान हलवली, तर पठ्ठ्याने अख्खी टाकी मोरीत सोडून दिली.

वहिनीला ती धार कधीच आवडली नाही. तिला मऊ, पिकल्या पेरूच्या वासाची आयपीए करायची होती. दादा म्हणायचा, ‘मग सरबताचं दुकान काढ.’ संसारभर तिने त्याच्या टाक्या घासल्या. तो गेल्यावर आपली स्वतःची बिअर करायला घेतली, आणि दर वेळी जी निघाली ती दादाचीच निघाली. प्यायला येणारे गहिवरून म्हणायचे, ‘अगदी साहेबांच्या हातची!’ आणि वहिनी आत जाऊन भांडी आपटायची. मी मागच्या खेपेला चार ग्लास रिचवले होते. भाऊ भेटत होता, मी का सोडू?

या वेळी तिने स्वतःहून बोलावलं. दुपारी पोचले तर बाहेरच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. आत ओल्या धान्याचा वास, धुतलेली फरशी आणि गमबूट घातलेली वहिनी.

“या, वन्सं,” ती म्हणाली. तिने मला वन्सं म्हटलं की समजावं, पाणी डोक्यावरून गेलंय.

तिने हॉप्सची पिशवी काट्यावर ठेवली. “काल सकाळी मोजून टाकले. उरलेले परत मोजले, पिशवीला चिकटपट्टी लावली, पट्टीवर वजन लिहून सही केली. टाकीच्या झाकणाला कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात. आता वजन बघ.”

कमी होतं. किती, ते विचारायची गरज नव्हती. त्याच मुठीत बोट देऊन मी चालायला शिकले होते. पट्टी जागची हललेली नव्हती.

“यीस्ट बदललं,” वहिनी म्हणाली. “हॉप्स बदलले, पाण्याचा फिल्टर बदलला. टाकीसुद्धा नवीन आणली. वेड लागायचं बाकी राहिलंय गं.”

“उंदीर असेल.”

“उंदीर पट्टी न फाडता हॉप्स काढतो, शिडी चढतो आणि बंद कुलपातून टाकीत टाकतो? मग त्यालाच कामावर ठेवते. निदान उलटून बोलणार नाही.”

आम्ही दोघी हसलो. तेवढ्यात शिडी करकरली. शिडीवर कुणी नव्हतं. वरच्या दांड्यावर हिरवी भुकटी पुसलेली दिसत होती, चार बोटं ओढल्यासारखी. मी बोट लावून बघितलं, भुकटी ओलसर होती. अंगावर सर्रकन काटा आला. आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

वहिनीने तिकडे बघितलंसुद्धा नाही. हे तिचं रोजचं असावं.

“माझं नाक आता कामाचं राहिलं नाही,” ती म्हणाली. “मला चहातही तोच लागतो. तुझी जीभ खोटं बोलत नाही. तू चाख आणि सांग. यात तो असला, तर उद्यापासून ब्रुअरी बंद.”

“अगं, असं काय करतेस?”

“मग कसं करू? होता तोवर त्याच्या मनासारखं केलं. गेल्यावरही त्याच्याच मनासारखं करायचं, तर मी माझ्या मनासारखं करायचं कधी? मेल्यावर?”

तिने टाकीचा छोटा नळ सोडून ग्लास भरला. बिअरचा रंग फिका, गढूळसर, छान होता.

मी घोट घेतला. आधी पेरू आला, मऊ, पिकलेला. मनात म्हटलं, वा गं बाई! आणि मग घशाशी ती धार आली. दादा. खांद्यावर हात ठेवून उभा असावा इतका जवळ. डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते मी खोकल्यावर ढकललं. पण जीभ माझी असली तरी धंद्यात मुरलेली आहे, ती थांबली नाही. तिला कळलं की तो त्या पेरूच्या उरावर बसला होता, त्याला श्वास घेऊ देत नव्हता. दादा वाईट माणूस नव्हता. पण जागा सोडणं त्याला ठाऊकच नव्हतं. लहानपणी खिडकीजवळची जागा मला एकदाही मिळाली नाही.

“आहे?” वहिनीने विचारलं.

हो म्हणायचं होतं. ते खरं होतं. माझ्या मागे शिडीपाशी गार पडलं होतं, आणि मला पक्कं माहीत होतं की तोही ऐकतोय, पहिला ग्लास दिल्यावर थांबायचा तसाच, श्वास रोखून. मी नाही म्हटलं तर तो वाद घालणार नव्हता. माझ्याशी त्याने कधी घातलाच नाही. मला माझा भाऊ हवा होता. जगात दुसरीकडे कुठेच तो आता मिळणार नव्हता. आणि समोर ही बाई, गळ्यातली किल्ली मुठीत आवळून, माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

“नाही,” मी म्हटलं. “दादा नाही यात.”

“नीट चाख.”

“चाखली. ही तुझी आहे, वहिनी. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझी. त्याचं यात काही नाही.”

काही पडलं नाही, दार आपटलं नाही. पाठीमागचा गारवा तेवढा गेला, आणि कोपऱ्यातल्या कूलिंगच्या मशीनची घरघर एकदम मोठी वाटायला लागली. वहिनी उलट्या बादलीवर बसली आणि एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली.

निदान त्याचा निरोप घ्यावा म्हणून मी दुसरा घोट घेतला. पेरू आला. मऊ, गोडसर, आणि शेवटी अगदी हलका कडूपणा, माझ्या ओळखीचा नसलेला. मी घाईने पुढचा घोट घेतला, मग त्याच्या पुढचा. ग्लास संपवला, नळ सोडून पुन्हा भरला आणि उभ्या उभ्या पीत सुटले. त्याचा मागमूससुद्धा नव्हता.

“अगं, हळू,” वहिनी डोळे पुसत म्हणाली. आणि मग, पोरीसारखी लाजत, “एवढी आवडली?”

आवडली होती, तेच तर! यंदा चाखलेल्या सगळ्यांत ती उत्तम होती. शिफारशीत पहिली तीच जाणार होती, आणि तीही कुणाची भीड म्हणून नव्हे. मी नुसतीच मान डोलावली. तोंड उघडलं असतं तर हंबरडा फुटला असता.