गाडी बाजूला घ्या

प्रबोधचा फोन आला तेव्हा अनघा नुकतीच ऑफिसातून सिंगापुरातल्या सेंगकांगच्या फ्लॅटवर पोचली होती.

"वहिनी, नानांचं काही खरं नाही," तो पुण्याहून म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, फार तर दोन दिवस. पण काकांना कळवायचं नाही हं. नानांनीच बजावलंय. पद्या कधी नव्हे तो फिरायला गेलाय, त्याच्या आनंदात माती कालवू नका म्हणाले."

नाना म्हणजे प्रबोधचे वडील, अनघाच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. वडिलांच्या माघारी त्यांनीच पद्माकररावांना वाढवलं, शिकवलं, बोहल्यावर चढवलं. आणि हे पद्माकरराव आत्ता वेल्सच्या किनाऱ्यावर भाड्याच्या गाडीत बसून समुद्र बघत होते. गाडी अनघाचा नवरा उद्धव चालवत होता, मागे सासूबाई होत्या. नव्या नोकरीत रजा मिळेना म्हणून अनघा सिंगापूरलाच राहिली होती.

आपल्याकडची ही रीतच आहे मेली! प्रवासातल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. सगळं उरकायचं आणि मग सांगायचं, 'तुला त्रास नको म्हणून रे.' अनघा इथे युनिव्हर्सिटीत शिकत असताना तिची आई गेली, तेव्हा शेवटचा पेपर होईपर्यंत घरच्यांनी चकार शब्द काढला नव्हता. तो राग तिच्या पोटात अजून होता. पण राग असला म्हणून काय? सगळं सासर एका बाजूला आणि ही एकटी सून. शिवाय बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, बीपी. त्यांना काही झालं तर खापर हिच्याच डोक्यावर फुटणार.

उद्धवला एकट्याला गाठावं, तर तीही सोय नाही. त्याचा फोन बाबांच्या हातात. नकाशा तेच बघत आणि आलेला प्रत्येक मेसेज खड्या आवाजात वाचून दाखवत. तरी तिने फोन लावलाच.

"बोल गं अनघा!" बाबांचा आवाज खुशीत होता. "सेंट डेव्हिड्स सोडलं. रस्ता कसला, बोळ आहे नुसता! दोन्हीकडे झाडोरा, मध्येच फटीतून समुद्र. मेंढ्या तर विचारू नकोस."

"बाबा, जरा उद्धवला देता?"

"अगं, समोरून ट्रॅक्टर आलाय. गाडी मागे घेतोय तो. डावीकडे, उद्धव, डावीकडे! खड्डा आहे रे!"

आत्ता बोलले आणि त्याचा हात हलला तर? फोन स्पीकरवर होता. मागून सासूबाई म्हणाल्या, "आवाज का असा तुझा? बरी आहेस ना?"

"हो आई. सर्दी झालीय," ती म्हणाली, आणि स्वतःचाच संताप आला तिला. खोटं बोलणं सुरूसुद्धा झालं होतं.

ट्रॅक्टर घरघरत निघून गेला.

"बाबा," ती म्हणाली, "त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगा. पूर्ण थांबवा."

गाडी थांबली. मग तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. काचेवर वारा आपटत होता तेवढाच ऐकू येत होता.

"बाबा? ऐकताय ना?"

"नानाला फोन लाव," ते एवढंच म्हणाले.

तिने प्रबोधला त्याच कॉलवर घेतलं. "वहिनी, सांगितलं होतं ना तुम्हाला!" तो उसळला.

"प्रबोध, फोन त्याच्या कानाला लाव," पद्माकरराव कडाडले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "नाना. मी पद्या."

मग नानांचा खोल गेलेला आवाज आला. "कुणी सांगितलं तुला?"

अनघाने डोळे मिटून घेतले.

"अनघानं."

"मी नको म्हटलं होतं."

"माहीत आहे. मी निघतोय. थांब तोवर."

"ये," नाना म्हणाले. "सगळ्यांना नको म्हटलं खरं, पण सकाळपासून दार वाजलं की तूच आलास असं वाटतंय रे."