दुधातलं अंडं

नळकाकांनी आयुष्यभर लोकांच्या घरातली गळती शोधली. ओल दिसते एका भिंतीवर आणि पाणी येतं भलतीकडून, हे ते घरमालकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे, म्हणजे मागाहून कुणी डोळे वटारू नयेत. काम सोडलं तेव्हा पान्हे पेटीत गेले. हात रिकामे राहिले की डोकं फिरतं म्हणून त्यांनी मागच्या अंगणात चार कोंबड्या पाळल्या. बायको आधी करवादली, "माणसं सांभाळून कंटाळले, आता ही पिलावळ!" पण आठ दिवसांत नावंही तिनंच ठेवली. सतत कलकलाट करणारी ती वकिलीणबाई, कुणाला जवळ न फिरकू देणारी ती सासूबाई. उरलेल्या दोघी एकसारख्या दिसायच्या, म्हणून त्या नुसत्या 'जावाजावा'.

मग बायकोला कॅन्सर निघाला. औषधांनी केस गेले, तोंड फोडांनी भरलं, घास गिळवेना. अंगात ताकद राहिली पाहिजे, काहीतरी पौष्टिक पोटात गेलं पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. काकांना मार्ग सापडला. कोमट दुधात ताजं अंडं फोडायचं, साखर घालायची आणि फेस येईपर्यंत घुसळायचं. चावायला नको, चटका नको. रोज सकाळी पेला घेऊन ते पलंगाशी हजर व्हायचे. "घ्या बाईसाहेब, थेट कारखान्यातून," म्हणायचे. दोन महिन्यांत तिचं वजन दीड किलोनं वाढलं, तेव्हा काकांनी ते सगळ्या गल्लीला सांगितलं.

आणि एका बुधवारी तिला हुडहुडी भरून ताप आला. पोटात कळा, जुलाब, उलट्या. दुपारपर्यंत तिला उठून बसवेना. दवाखान्यात सलाइन लावलं, सुया टोचल्या, रक्त तपासायला गेलं. साल्मोनेला नावाचे जंतू पोटातून रक्तात उतरलेत, असं तिथल्या डॉक्टरनं लेकीला सांगितलं. "धडधाकट माणूस चार दिवस हैराण होतो आणि बरा होतो. यांच्या अंगात लढायला काही उरलेलंच नाही." नवव्या दिवशी ती गेली. शेवटचे दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही.

"बाहेरचं काय खाल्लं होतं आईनं?" लेकीनं विचारलं. तिचे डोळे सुजले होते.

काका आठवू लागले. मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी सूप आणलं होतं. वहिनी कपडे शिवायच्या. बायकोला 'ताई' म्हणायच्या आणि ती आजारी पडल्यापासून दिवसाआड काहीतरी घेऊन यायच्या.

"तरीच," लेक म्हणाली.

काकांना वाटलं, सांगावं की सूप गरम होतं, वाफा येत होत्या. पण लेक आधीच उठली होती, आणि त्या घडीला कुणाला तरी बोल लावता येतोय याचा त्यांनाही आधार वाटला. ते गप्प बसले. लेक वहिनींच्या दारात उभी राहून त्यांना वाट्टेल ते बोलली. सगळ्या गल्लीनं ऐकलं. वहिनींनी एक शब्द उलट काढला नाही. त्या आत गेल्या आणि पुढे काकांच्या दारावरून जाताना मान खाली घालून जाऊ लागल्या.

पंधरा दिवसांनी आरोग्य खात्याच्या बाई आल्या. मऊ बोलणाऱ्या, पण हातात फॉर्म. "काका, त्रास देते. आजारी पडण्याआधीच्या तीन दिवसांत त्यांनी काय काय खाल्लं, सगळं सांगा. पाण्याच्या घोटापासून."

काकांनी सांगितलं. सूप म्हटल्यावर बाईंनी विचारलं, "उकळलेलं होतं?"

"चटका बसला होता तिला. मीच फुंकर घातली."

बाईंनी पुढची ओळ विचारली. दुधातल्या अंड्याशी त्यांचं पेन थांबलं.

"अंडं कच्चं?"

"ताजं," काका म्हणाले. "घरचं."

बाई अंगणात गेल्या. हातमोजे घातले, खुराड्यातली विष्ठा बाटलीत भरली, सहा अंडी पिशवीत घेतली. काका बघत होते.

"माझ्या कोंबड्या आजारी नाहीत हो. पिसं बघा त्यांची."

"कोंबडीला काही होत नाही, काका. तिच्या पोटात जंतू असतात आणि ती दिसते ठणठणीत. कधी अंड्याच्या कवचावर येतात, कधी आतच. शिजवलं की मरतात." मग त्या जरा घुटमळल्या. "अहवाल येऊ दे. तोवर काही मनाला लावून घेऊ नका. आणि अंडी कुणाला देऊ नका."

पण काका गळती शोधणारे. बाई फाटकाबाहेर पडायच्या आत त्यांना कळून चुकलं होतं.

अहवाल आला तेव्हा बाई स्वतः आल्या. फोनवर सांगायची गोष्ट नाही, म्हणाल्या. अंड्यांत जंतू होते आणि ते बायकोच्या रक्तातल्या जंतूंशी जुळत होते.

"म्हणजे मी," काका म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"म्हणजे मीच ना?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. त्या बराच वेळ त्यांच्याजवळ बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्याची माणसं पिंजरा घेऊन आली. सासूबाई शेवटपर्यंत हाताला लागेना. काकांनीच तिला कोपऱ्यात गाठून उचललं आणि त्यांच्या हवाली केलं.

संध्याकाळी त्यांनी वहिनींचं दार वाजवलं. आतलं शिलाई मशीन थांबलं. वहिनींनी दार अर्धंच उघडलं.

"वहिनी, तुमच्या सुपात काही नव्हतं. अंड्यातून झालं. मी देत होतो त्या अंड्यातून."

वहिनी चौकटीला धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या हाताची कातडी लालभडक होती, बोटांना भेगा पडल्या होत्या.

"भाऊजी, महिना झाला, मी तेच पातेलं घासतेय," त्या म्हणाल्या. "उकळत्या पाण्यानं, सोड्यानं. घरात कुणाला हातचं वाढायची भीती वाटते. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बाहेर जेवा. मला वाटायचं, ताईला मीच..." पदरानं तोंड पुसून त्या एकदम कडाडल्या, "त्या दिवशी एक शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला? सूप उकळतं होतं, तुम्ही स्वतः फुंकर घातलीत!"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणजे काय, भाऊजी!"

काका उभेच राहिले. त्यांना आणखी ऐकायचं होतं, पण वहिनींनी दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला, महिनाभर दाबून ठेवलेला.

पुढे लेकही वहिनींकडे जाऊन आली. काय बोलणं झालं ते दोघींनाच ठाऊक. वहिनी वाटेत भेटल्या की काकांना "बरं आहे ना?" विचारू लागल्या. पण त्यांच्या घरातून या घरात पुन्हा वाटी कधी आली नाही, आणि काकांनाही ते बरोबरच वाटलं.

लेक रविवारी यायची. एका रविवारी चहा घेताना तिनं सहज म्हटलं, "आईला ते दूध आवडायचं ना पण? तेवढंच तिच्या तोंडाला लागत होतं."

काकांनी कप खाली ठेवला. हे त्यांनी आरोग्यवाल्या बाईंनाही सांगितलं नव्हतं.

"मंगळवारी नको म्हणाली होती," ते म्हणाले. "वास येतोय म्हणाली. मी म्हटलं, वास कसला, तुझ्या तोंडालाच चव नाही. माझ्यासाठी दोन घोट घे म्हटलं. मग तिनं माझ्याकडं बघून सगळा पेला संपवला."

लेकीचा चहा निवून गेला. मग ती उठली, बापाच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिनं त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. काकांचे खांदे हलत होते. तिनं हात काढले नाहीत.