मी दाखवलेली कोकिळा

“आधी कानानं पक्षी धरा, मग दुर्बीण लावा,” असे रामटेकच्या जंगलातला चौकीदार बळीराम म्हणायचा. माझे मालक मधुसूदनराव तसेच करीत.

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. सदर बाजारातल्या दुकानातून मला घरी आणले, तेव्हा यमुताईंनी यजमानांच्या या नव्या नादालाही हळदकुंकू वाहिले होते. दर रविवारी आम्ही रामटेकच्या झाडीत जात असू. तिथेच मी लहान कोकिळा ही वेगळी जात पाहिली. बुलबुलाहून जराशी मोठी, राखाडी, पोट पांढुरके. उंच शेंड्यावर बसून रडवेली शीळ घालणारी. या जातीच्या काही माद्या मात्र तांबूस, अंगभर पट्ट्यांच्या. घरटे ती बांधत नाही. शिंपी पक्ष्याच्या, पाने शिवून केलेल्या घरट्यात अंडे ठेवते.

एकोणसत्तर साली आषाढ अधिक आला आणि यमुताईंनी कोकिळाव्रत धरले. महिनाभर रोज कोकिळा दिसल्या-ऐकल्याशिवाय जेवायचे नाही. नुकत्याच त्या विषमज्वरातून उठल्या होत्या. आठवडाभर कोकिळा बोलली. मग घरामागचा पिंपळ कोणीतरी तोडला, आणि दोन दिवस आवाजच नाही. यमुताई दोन्ही दिवस उपाशी. मधुसूदनराव विनवून थकले.

तिसऱ्या दिवशी कुंपणावर तांबूस, पट्टेदार मादी येऊन बसली. मधुसूदनरावांनी ओळखले, ही रामटेकची लहान जात, व्रताची कोकिळा नव्हे. तरी मला यमुताईंच्या डोळ्यांना लावून म्हणाले, “पाह्य वं, कोकिळा.”

लहानाचे मोठे करून दाखवणे हाच माझा धर्म. यमुताईंनी हात जोडले आणि त्या जेवल्या. पुढे रोज तसेच.

व्रत संपता संपता त्यांनी स्वतःच मला उचलले. कुंपणात एवढासा शिंपी आपल्याहून थोराड, पट्टेदार पिल्लाला अळ्या भरवत होता.

“अहो, कोकिळेचं पिल्लू तर कावळा पोसते. याले शिंपी काहून भरवून राहिला?”

मधुसूदनरावांनी मान खाली घातली. यमुताई रागावल्या नाहीत. वाढलेले ताट तेवढे झाकून ठेवले.

थंडीत ताप उलटला. जाण्याआधी त्या हळूच म्हणाल्या, “माझा महिना खोटा गेला. तुम्ही खरा करून द्या.” मधुसूदनरावांनी हो म्हटले.

मग मी ट्रंकेत पडले. काचांवर बुरशी आली. मित्रांनो, आमच्यासारख्यांना पुसून जपा. पण त्याहून, आमच्यातून कुणाला काही दाखवाल तर त्याचे नाव खरे सांगा.

यंदा पुन्हा आषाढ अधिक आला, आणि आज आषाढी पौर्णिमा, कोकिळाव्रत धरायचा दिवस. मधुसूदनरावांनी मला बाहेर काढले, मऊ धोतराने पुसले. चहाचे आधण ठेवले नाही. मला गळ्यात घालून फाटक लोटले, आणि कावळ्यांची घरटी आहेत त्या कडुलिंबांकडे उपाशीपोटी चालू लागले.