अतिवृष्टीमुळे

ओतीव धातूच्या पाटीवर तेरा ओळी बसतात. त्याहून जास्त ओतून देत नाहीत, आणि एकदा ओतलं की ते शंभर वर्षं पुसलं जात नाही, म्हणून मिस ओपल हेन्स्ली मजकुरातला शब्द न् शब्द पेन्सिलीने मोजतात. आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्याकडेच्या सगळ्या पाट्या त्यांच्याच हातून गेल्या आहेत. कुठे कोणत्या जनरलने घोड्याला पाणी पाजलं, कुठे पहिलं लाकडी चर्च उभं राहिलं. मेकर्स फोर्कच्या ओढ्यावर मात्र पन्नास वर्षांत एकही पाटी नव्हती. १९६८च्या मार्चमध्ये त्या ओढ्यात एकोणीस माणसं वाहून गेली. वर खाण कंपनीने कोळसा धुतलेलं काळं पाणी अडवून ठेवलं होतं, तो बांध फुटला.

पाटीसाठी अर्ज मी केला, आणि त्यात माझा स्वार्थ होता. तसाच एक बांध आज माझ्या मुलीच्या शाळेच्या डोक्यावर आहे. तिचं नाव जुनी, पहिलीत जाते. कंपनीचा माणूस शाळेच्या सभेत दरवर्षी सांगतो की बांध आपणहून कधी फुटत नाहीत, तेव्हा पाऊसच तसा झाला होता. बाकीच्या आया मान हलवतात. मी प्रश्न विचारला की माझ्याकडे अशा बघतात, जणू मी रात्रीची झोपतच नाही. ते काही खोटं नाही.

सरकारी दफ्तरात मला एक पत्र सापडलं होतं. बांध खचतो आहे, खालची घरं हलवा, असं तपासनिसाने चार दिवस आधी लेखी कळवलं होतं. मला पाटीवर एवढं एकच वाक्य हवं होतं: कंपनीला याची पूर्वसूचना होती. पाटी शाळेच्या बसथांब्यापाशी उभी राहणार होती. सगळ्या आया तिथेच थांबतात. रोज वाचतील, मग सभेत मी एकटी पडणार नाही.

पाटी ओतायला जाण्याआधी मजकूर चर्चच्या तळघरात, जेवणं झाल्यावर, मोठ्याने वाचतात. बांध फुटला तेव्हा ओढ्याकाठी राहणाऱ्या प्रत्येक घराने समासात सही करायची. एका घराने नाही म्हटलं की ते वाक्य गेलं. मेलेल्यांच्या नावावर भांडण नको, अशी रीत आहे. त्या दिवशी जुनीला ताप होता, मी गेले नाही. आठवड्याने पक्का मजकूर हातात आला. माझं वाक्य नव्हतं. त्याच्या जागी होतं, ‘अतिवृष्टीमुळे’.

मिस ओपल ओसरीवर शेंगा मोडत बसल्या होत्या.

“कंपनीचा फोन आला का तुम्हाला?” मी विचारलं.

“कंपनीला काय पडलंय पाट्यांचं, पोरी. तेवीस घरं होती. बावीस सह्या झाल्या.”

“राहिलं कोण?”

त्यांनी शेंग मोडली. “तुझ्या आईला विचार. मी सांगितलं म्हणू नकोस. तसं तिला कळेलच.”

आई मक्याच्या पावाचं पीठ कालवत होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला.

“पीठ लागेल त्याला, उचल,” ती म्हणाली. “ते पत्र मिळाल्याची सही कुणाची आहे, पाहिलीस?”

“गिचमीड आहे नुसती.”

“तुझ्या आजोबांची आहे. बांधाचे मुकादम होते ते.”

मी खुर्ची ओढून बसले.

“वरच्यांनी सांगितलं, गप्प राहा, लोक कामं सोडून पळतील. ते गप्प राहिले. आणि शुक्रवारी आम्हाला मावशीकडे बेकलीला घेऊन गेले. वाढदिवस नाही, सण नाही, आणि मला चर्चचे बूट घालायला लावले. शेजारची नेटी कुंपणावर बसली होती. म्हणाली, मी पण येते. बाबा म्हणाले, गाडीत जागा नाही.” आईने तापल्या तव्यात पीठ ओतलं. “जागा होती.”

बांध शनिवारी सकाळी फुटला होता, हे तर अर्जात मीच लिहिलं होतं.

“पाटीवर त्यांचं नाव कुठे येतंय, आई? नुसतं कंपनी म्हटलंय.”

“मुकादम कोण होता हे इथे कुणाला ठाऊक नाही? माझ्या जिवासाठी केलं त्यांनी ते. त्यांना मी रस्त्यावर उभं करू? आणि तू कुणाच्या जोरावर बोलतेस गं? तुझ्या नवऱ्याचा पगार कुठून येतो?”

ते पत्र घेऊन मी सभेला जाऊ शकले असते. जुनीच्या लसीच्या कार्डांबरोबर मी ते फाइलीत ठेवून दिलं.

ऑक्टोबरमध्ये पाटी लागली. त्या काठावर वाढलेली म्हणून वरची चादर आईनेच ओढली. जुनीने एकेक अक्षर लावत सगळ्यांसमोर वाचलं, आणि लोकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

यंदा मार्चमध्ये तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या सकाळी, बसच्या आधी, आईचा फोन आला.

“जुनीला आज घरी ठेव. सर्दी झालीय म्हणून कळव.”

“तिला सर्दी नाहीये.”

“मला माहितीये.”

“पाऊसच तर आहे, आई,” मी म्हटलं. “पाटीवर लिहिलंय तसा.”

“पोरीला घरी ठेव,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. जुनीचे बूट मी तासापूर्वीच कपाटात टाकले होते, हे मी तिला सांगितलं नाही.

शेजारच्या रोवीनाची तिन्ही मुलं पाटीखाली उभी होती. धाकट्याने पाटीच्या खांबाला दप्तर टेकवलं होतं. रोवीना आमच्या दाराशी आली.

“जुनी नाही आली ती? बस येईल आता.”

“सर्दी झालीय तिला.”

“हवाच तशी आहे,” ती म्हणाली. “जप तिला.”

वळणावर बसचे दिवे दिसले. मुलं एकामागून एक चढली, धाकट्याने खिडकीतून हात केला, आणि मीही केला. मागे जुनी पायमोज्यांवर उभी होती.

“आई, मला कुठे सर्दी झालीय?”

मी दार लावून घेतलं.