काज-बटण

माझ्या थोरल्या भावाला लोक माझा धाकटा भाऊ समजतात. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे. परवा दवाखान्यातल्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून त्यालाच विचारलं, "आजोबांना खोकला कधीपासून आहे?" दादा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "खोकल्याचं माहीत नाही, कुरकूर जन्मापासून आहे."

रोज सकाळी तो माझ्या दारावर काठी आपटतो. ती काठी टेकण्यासाठी नाहीच, माझं दार वाजवण्यासाठी आहे. दार उघडावं तर समोर इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, नीट विंचरलेले चार केस. मग चालताना प्रवचन सुरू. पाठ ताठ ठेव, रोज दाढी कर, दुखण्यांच्या गोष्टी कमी कर, नव्या माणसांशी बोल. मी हं हं करतो. बायको गेल्यापासून मला सकाळ झाली की कंटाळा येतो. दाढी करायची ती कुणासाठी? रात्री पुन्हा झोपायचंच असतं.

आमचं शिवणकामाचं दुकान होतं. दादा मापं घ्यायचा, कापड कापायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. मी आतल्या खोलीत काज-बटण करायचो. नाव त्याचं, सुई माझी. त्याचा मला राग नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. थोडा आहे.

एका सकाळी काठी वाजली नाही. बरं झालं म्हणून मी कूस बदलली, पण झोप काही लागेना. शेवटी आहे त्याच अवतारात मागच्या गल्लीत गेलो. बंद दुकानाच्या वरच्या खोलीत दादा एकटा राहतो. दार नुसतं लोटलेलं होतं. दादा पलंगावर बसला होता. पँट, मोजे, बूट, सगळं जागच्या जागी. फक्त शर्ट उघडा आणि गळ्याखाली एकच बटण लावलेलं, तेही चुकीच्या काजात.

"हात ऐकत नाहीत," तो म्हणाला. "बरेच महिने झाले. अंधारात उठून बसतो, तेव्हा कुठे वेळेत तयार होतो. आज जमलंच नाही."

इतके दिवस मी त्याला नटवा समजत होतो आणि हा माणूस एका शर्टासाठी कोंबडं आरवायच्या आधी उठत होता.

"पोरगा उद्या येतोय," दादा म्हणाला. पोरगा म्हणजे त्याचा मुलगा, माझा पुतण्या, लांबच्या शहरात असतो. "मी एकटा राहू शकतो का, ते बघायला येतोय. बटण लावता येत नाही हे कळलं, की उचलून नेईल. त्याच्याकडे सगळं छान आहे रे. पण मला इथेच राहायचंय." एवढं बोलून त्याने मान खाली घातली. दादाची मान खाली गेलेली मी आई गेली तेव्हा पाहिली होती, त्यानंतर आजच.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणालो आणि त्याचा शर्ट घेऊन घरी आलो.

दुपारभर खिडकीशी बसलो. सगळी बटणं काढली, प्रत्येक काज शिवून बंद केलं आणि त्याच्यावरच बटण टाकलं. समोरून पाहणाऱ्याला वाटावं, शर्ट नीट लावलेला आहे. आत टिचबटणं लावली, दाबलं की बंद. डोळ्यांतून पाणी येत होतं, सुईत दोरा जाता जात नव्हता, पाठीचं लाकूड झालं होतं. पण टाके सुरेख आले. कधी नव्हे ते मला भूक लागली.

दुसऱ्या दिवशी पुतण्या आला. दादा ऐटीत उभा. पुतण्याने बॅग टाकली आणि बापाला घट्ट मिठी मारली. तो मागे सरला तसा शर्ट टचटच करत वरपासून खालपर्यंत उघडला. मिठीचा विचार मी केलाच नव्हता. आमच्या पिढीत कोण मिठ्या मारत होतं?

पुतण्याने खाली वाकून शर्टाची पट्टी हातात घेतली. लहानपणी तो माझ्याच पायाशी बसून बटणांशी खेळायचा. त्याने टाका ओळखला.

"काका, हे तुमचं काम."

"माझे हात गेलेत," दादाच म्हणाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, पण त्या दिवशी पीळही सैल झाला.

"मग चला ना बाबा माझ्याकडे," पुतण्या हळू आवाजात म्हणाला. "इथे रोज कोण लावणार तुमची बटणं?"

"मी," मी म्हणालो.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आठवड्याची दाढी. स्वेटरची बटणं कधीच तुटलेली, पोटावर एक सेफ्टी पिन. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच.

"काका, तुम्ही स्वतःची तरी लावता का?"

तो उर्मटपणे बोलला नाही. म्हणूनच जास्त लागलं. दादाही माझ्या बाजूने काही बोलला नाही. मी चहा न घेताच घरी आलो आणि पडून राहिलो. मी खरंच दमलो होतो. पण दादा गेला तर माझं दार कोण वाजवणार, हा विचार काही पाठ सोडेना. त्याला राहायचं होतं हे खरं. तो राहायला मला हवा होता, हे त्याहून खरं.

सकाळी कुणी न उठवता उठलो. दाढी केली, हनुवटी दोन ठिकाणी कापली. कपाटातला तळाचा शर्ट काढून इस्त्री केली आणि काठी वाजायच्या वेळेला मीच दादाच्या दारावर थाप मारली. दार पुतण्याने उघडलं. तो बघतच राहिला. दादा पलंगावर बसला होता, अंगात खऱ्या काजांचा शर्ट, पुढून उघडा. मी खाली बसलो आणि एकेक बटण लावलं. गुडघे ओरडत होते.

"हं, ऊठ," दादा म्हणाला. "आणि हे काय? जन्मभर काज-बटण केलंस आणि स्वतःचंच एक काज चुकवलंस?"

पाहिलं तर खरंच. माझा शर्ट एका बाजूने खाली लोंबत होता. मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे. इकडे ये."

त्याने ती थरथरणारी बोटं माझ्या कॉलरकडे नेली. बटण निसटलं. पुन्हा निसटलं. पुतण्या पुढे येऊ लागला तसं मी त्याला नजरेनेच थांबवलं. तो मागे सरला, खुर्चीवर बसला आणि आमच्याकडे बघत राहिला. टेबलावरचा चहा निवला.

"दादा, लागलं का?"

"थांब रे. तुला कुठे जायची घाई आहे?"

मला कुठेच जायचं नव्हतं. मी मान वर करून उभा राहिलो.