जोडकार्ड

मिस्त्री गेले तेव्हा दुकानात सतरा वस्तू दुरुस्तीला पडून होत्या. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या पत्नीनं, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींनी, वही उघडून एकेकाला फोन लावला आणि आपली वस्तू घेऊन जा म्हणून सांगितलं. दहाजण येऊन घेऊन गेले. उरलेले सात म्हणाले, "असू द्या हो वहिनी, घाई नाही." म्हणजे त्यांनी त्या वस्तूंवर पाणी सोडलं होतं.

त्या सातांपासून वहिनींनी सुरुवात केली. कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. सव्वीस वर्षं त्या मिस्त्रींच्या उजव्या खांद्यामागे टॉर्च धरून उभ्या राहिल्या होत्या. हात त्यांचे, उजेड यांचा. कुठला भाग आधी जळतो, कुठली तार उगाच बदनाम होते, हे बघून बघून डोळ्यांना पाठ झालं होतं. तीन महिन्यांत सातांपैकी चार वस्तू बोलत्या झाल्या. एका रेडिओचा मालक तर दारात उभा राहून म्हणाला, "मिस्त्रींनी जाण्याआधीच करून ठेवला होता वाटतं!" वहिनी "हो" म्हणाल्या. तेवढ्यानं त्याचं समाधान होत असेल तर होऊ दे.

खरी अडचण कंडेन्सरची होती. बोर्डावर ओळीनं उभे असलेले ते इवलेसे डबे. त्यातला गेलेला कुठला हे मिस्त्री नुसत्या वासावरून सांगत. वहिनींना ते जमेना. एकेक डबा सोल्डर वितळवून काढायचा, तपासायचा, परत बसवायचा. दहातला नववा वाईट निघाला की आधीचे आठ उगाच हलवलेले. त्यात बोर्ड कधी कधी कायमचा हातचा जाई.

एका दुपारी फोनवर कसलीशी जोडणी शोधताना त्यांना एक व्हिडिओ दिसला. कुणी एक माणूस कंडेन्सर बोर्डावरून न काढता दोन सुया टेकवून तपासत होता. हातभर लांबीच्या टेबलावर स्वतः बनवलेला, साबणाच्या वडीएवढा मीटर. चेहरा दिसत नव्हता, फक्त हात. एका बोटाला पट्टी होती. कारखान्यात शंभर नग बनवून घ्यायचे, त्यासाठी लोकांनी आधीच पैसे भरावेत, ठरलेली रक्कम चाळीस दिवसांत जमली तरच मीटर बनेल, नाहीतर ज्याचे त्याला परत, असं त्यानं खाली इंग्रजीत लिहिलं होतं. वहिनींनी तो व्हिडिओ चारदा पाहिला. मग पैसे भरायचं बटण दाबलं. तिथं एकच वाट होती, क्रेडिट कार्डाची.

कार्ड होतं. कपाटात, त्यांच्या नावाचं, चकचकीत. ते घेऊन त्या बँकेत गेल्या, कारण ते चालत नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीनं नंबर टाकून पाहिला. "हे जोडकार्ड आहे, मॅडम. मूळ कार्ड तुमच्या मिस्टरांचं. मूळ कार्डधारक गेले की जोडकार्ड आपोआप बंद होतं."

"पण मी आहे ना अजून."

मुलगी ओशाळली. "नवीन काढता येईल. पगाराची चिठ्ठी आणा."

"पगार कोण देणार? दुकान माझंच आहे."

"मग कठीण आहे," मुलगी म्हणाली आणि कात्रीनं कार्डाचे दोन तुकडे करून, कुठे टाकावेत ते न सुचून, वहिनींच्याच हातात दिले.

दर गुरुवारी नणंदेचा फोन येई. वहिनींनी तिला विचारलं, तुझ्या कार्डावरून भरशील का, मी पैसे देते. नणंद म्हणाली, "न बनलेल्या वस्तूचे पैसे? बाजारात तुरी नि भट भटणीला मारी! अगं, आता दुकान भाड्यानं दे आणि माझ्याकडे येऊन राहा." ती प्रेमानंच म्हणाली. तिच्या घरात वहिनींना गादी मिळाली असती, काम मिळालं नसतं.

शेवटी त्यांनी त्या मीटरवाल्यालाच लिहिलं. शाळेत शिकलेलं इंग्रजी, वाक्यं छोटी: कार्ड नाही. मीटर हवा आहे. दुसरा मार्ग आहे का? खाली दुकानाचं नाव घातलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'सर, पैसे माझ्या बँकखात्यात भरा. माझी बहीण तिच्या कार्डावरून तुमच्या नावानं भरेल. पुरेसे लोक जमले नाहीत तर तुमचे मी स्वतः परत करीन. माझ्या शब्दापलीकडे हमी नाही, तेव्हा नाही म्हणालात तरी राग नाही.'

वहिनींनी पैसे भरले. 'सर' मात्र दुरुस्त केलं नाही. इंग्रजीत करतो-करते असा भेद नसतो. पत्रं लिहिताना काहीच आड आलं नाही. शिवाय त्या शब्दात, कुठेतरी, मिस्त्री अजून कामाला बसल्यासारखे वाटत.

चाळीस दिवस पुरे व्हायला एक दिवस उरला असताना रक्कम जमली. त्यानंतर वाट पाहणं. मीटरवाला महिन्यातून एकदा सगळ्यांना खबर देई: मीटरची डबी बरोबर बसली नाही, आकडे दाखवणारे पडदे उशिरा आले. बाकीचे चिडून लिहीत. वहिनी विचारत, सुया किती लांब ठेवल्यात? तो लगेच उत्तर देई. आठवड्यात दोन पत्रं, कधी तीन. टपालवाला वीजबिलाखेरीज काही आणत नसलेल्या त्या घरात वहिनी सकाळी चहाआधी फोन बघायला लागल्या.

सात महिन्यांनी मीटर आला. वहिनींनी दुकानातले चाळीस कंडेन्सर तपासले. आधी बोर्डावर, मग काढून. आणि दोन्ही आकडे समोरासमोर लिहून पाठवले. सगळ्यात लहान डब्यांना मीटर चुकत होता. थोडाच, पण दरवेळी.

दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. दमलेला, तरुण आवाज, चक्क आपल्याच भाषेत.

"मी मीटरवाला. पार्सलावरून नंबर घेतला. सर आहेत का?"

वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "ते बाहेर गेलेत."

"कधी येतील?"

पलीकडे कुणीतरी पंखा लावल्याचा आवाज आला.

"सांगते त्यांना," म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि काउंटरवर हात टेकून तशाच उभ्या राहिल्या. वर्षभरात त्या रडल्या नव्हत्या असं नाही, पण लाज पहिल्यांदाच वाटली. मेलेल्या माणसाला त्यांनी बाहेर पाठवलं होतं, आणि स्वतःलाही दाराबाहेर काढलं होतं.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं, या वेळी आपल्या भाषेत. 'फोनवर मी खोटं बोलले. सर कुणी नाहीत. माझे यजमान गेल्या वर्षी वारले. पहिल्यापासून सगळी पत्रं माझीच आहेत. आकडेही मीच घेतलेत.'

चार दिवस उत्तर नाही. गुरुवारी नणंदेचा फोन आला, तो त्यांनी दोन वाक्यांत आटपला. पाचव्या दिवशी पत्र आलं.

'माफ करा, 'सर' मी गृहीतच धरलं, तुम्हाला विचारायला हवं होतं. चार दिवस मी तुमचेच आकडे तपासत होतो. तुमचं बरोबर आहे, माझ्या मीटरची चूक आहे. शंभर जणांकडे मीटर गेला, आकडे तुम्ही एकट्यांनीच पाठवले. सुधारलेला नग पुढच्या महिन्यात तयार होईल. तो सगळ्यांच्या आधी तुमच्याकडे पाठवला तर तपासाल का? आणि तुम्हाला काय म्हणू?'

'तपासेन,' वहिनींनी लिहिलं. शेवटचा प्रश्न त्यांनी पुन्हा वाचला. मग स्वतःचं नाव टंकलं. ते लिहिताना एक अक्षर चुकलं, पुसून पुन्हा लिहावं लागलं.

नवा नग आला. त्याच्या पत्रांत आता कामाशिवाय काही नसे, आणि ते बरोबरच होतं. त्याला त्याचं आयुष्य होतं, इकडे काय मांडून बसायचं? पण वरती नाव असे आणि नावापुढे 'ताई'.

एका रविवारी त्या सकाळपासून मोजायला बसल्या. लहानातला लहान डबा घेतला, सुया टेकवल्या, आकडा पाहिला. काढून पाहिला. तोच. दुसरा घेतला. तोच. "जमलं की हो!" त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि मागे वळल्या. मागे भिंत होती. क्षणभर तिच्याकडे बघून त्यांनी टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि तिसरा डबा उचलला.