डावीकडच्या चित्रातली रेघ

शाळेच्या समुपदेशकाने कागद एका बोटाने पुढे सरकवला, तेव्हाच आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"निरीक्षणशक्ती, वीसपैकी शून्य," तो म्हणाला. "सोमवारपासून तुमची मुलगी संथ गटात."

संथ गट म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे गेलेलं मूल पुन्हा वरच्या वर्गात आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ठकी नऊ वर्षांची होती आणि या क्षणी दाराबाहेरच्या बाकावर पाय हलवत बसली होती. सकाळी दप्तरात हा शून्याचा निकाल सापडल्यावर आईनेच तिला दोन धपाटे घातले होते, वर मठ्ठ म्हटलं होतं.

समुपदेशकाच्या मागे भिंतीवर मोठं रंगीत फूल टांगलेलं होतं. आठ पाकळ्या, बुद्धीचे आठ प्रकार.

"आठ प्रकारची बुद्धी, मग आकडा एकच कसा?" आईने विचारलं.

"ते फूल पालकांना दाखवण्यापुरतं आहे," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. "शेवटी मुळात एक सर्वसाधारण क्षमता असते. ती कमी-जास्त असायचीच. शिवाय तुमची मुलगी अंतर्मुख, हट्टी. स्वभावाच्या प्रश्नावलीत तसं स्पष्ट आलंय. घरी कोणी असं आहे का?"

"मी आहे."

त्याने तेही लिहून घेतलं. मेला लिहीतच सुटला होता.

आईने कागद ओढून घेतला. प्रत्येक प्रश्नात डावीकडे एक चित्र, उजवीकडे चार. डावीकडच्यासारखं हुबेहूब चित्र शोधायचं. छत्री, किटली, कुलूप. ठकीने विसाच्या वीस ठिकाणी लिहिलं होतं, 'एकही नाही'.

आई बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होती. अकरा वर्षं पोलादी रिंगा दिव्याखाली फिरवून ओरखडे शोधत होती. घरी ठकीशी खेळायचा खेळही तोच. बाद रिंगा ताटात ओतायच्या आणि ओरखडा कुठे आहे ते आधी कोण सांगतं ते बघायचं. हल्ली ठकीच जिंकायची. आईने पर्समधलं भिंग काढलं आणि कागदावर धरलं.

केसाएवढी रेघ होती. वरपासून खालपर्यंत, डावीकडच्या प्रत्येक चित्रातून सरळ गेलेली. छत्रीच्या दांड्याला चीर, किटलीच्या पोटाला चीर. उजवीकडची चित्रं स्वच्छ.

"तुमच्या कॉपी काढायच्या मशीनची काच खराब आहे," ती म्हणाली. "पोरीचं बरोबर आहे. विसाच्या वीस."

समुपदेशकाने भिंगातून पाहिलं. मान लाल झाली, पण माणूस नमला नाही.

"तीनशे मुलांना हाच कागद होता. तीनशे मुलांनी रेघ सोडून दिली. काय सोडून द्यायचं ते कळणं, यालाच बुद्धी म्हणतात, बाई."

"आमच्याकडे रेघ सोडणाऱ्याला घरी पाठवतात. चाक निखळतं त्याने."

"ही शाळा आहे."

"तुमचं माप शेवटचं कधी तपासलंत? आम्ही दर महिन्याला तपासतो. माप चुकलं की माप फेकतो, माल नाही."

त्याने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "सोमवारी पुन्हा बसू दे तिला. पण कागद हाच. हिला वेगळा दिला तर तुलना कोणाशी करू? आणि या वेळी शून्य आलं, तर मुकाट्याने खालच्या खोलीत."

आई उठली. दार आपटायचं ठरवलं होतं, पण ते आपोआप हळूच बंद होणारं निघालं.

"तुझं सगळं बरोबर होतं," बाकाशी येऊन ती म्हणाली.

"मला माहीत होतं," ठकी म्हणाली. "सकाळी सांगत होते. तू ऐकलंच नाहीस."

आई तिच्या पाठीवर हात ठेवायला गेली तशी पोर अंग चोरून बाजूला सरकली.

"चुकलं माझं," आई म्हणाली. "सोमवारी पुन्हा परीक्षा आहे. हाच कागद."

"रेघेचाच?"

"हो."

"मग काय लिहू?"

अकरा वर्षं या प्रश्नाला आईकडे एकच उत्तर होतं. रेघ दिसली की रिंग बाजूला काढ, दया करू नकोस. ठकीला तिनेच ते पाठ करून घेतलं होतं. बाकावरून जिन्याखालचं दार समोर दिसत होतं. त्याला खिडकी नव्हती.

"रेघ दिसली नाही असं समज," आई म्हणाली. "जवळपास सारखं दिसेल त्याच्यावर खूण कर."

ठकीने तिच्याकडे नीट पाहिलं, दिव्याखाली रिंग फिरवून पाहावी तसं, अजिबात घाई न करता.

"बरं," ती म्हणाली. मग दप्तर उचलून आईचा हात न धरता पुढे चालू लागली.